आबांचे हात सोड

ता. ८

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. नमस्कार सवयीने लिहिला आहे, फार मनावर घेऊ नकोस.

आणि वर तूच म्हणणार की भिंगरीला अक्कल नाही. मला नसेल. पण मध्यंतरी तीन वर्षं ज्या माणसाच्या दारात तू पाय ठेवला नव्हतास, त्या माणसाचे हात पलंगाला बांधायला तुला कोणी सांगितलं? तू म्हणायचीस की त्या घरात माझं कोणी नाही. मग कोणी नसलेल्याला बांधायचं कशाला? परक्या माणसालासुद्धा असं कोणी बांधत नाही.

मला सगळं कळलं आहे. आबा शिडीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं, एवढा निरोप इथल्या ऑफिसात आला होता. पुढचं काही कळेना म्हणून सिमेंटच्या गाडीच्या ड्रायव्हरला म्हटलं की शहरात माल उतरवलास की तेवढं हॉस्पिटलात डोकावून ये. तो मोठा गडी, मिशा बघितल्यास तर तू घाबरशील, पण परत आला तो तोंड पाडून. म्हणाला, तुझ्या बापाची दोन्ही मनगटं पांढऱ्या पट्ट्यांनी पलंगाच्या कठड्याला बांधली आहेत, अंग थरथरतंय, अंगावरचं कापड घामाने भिजलंय, तुला हाका मारतायत. आणि तुझी बहीण पायथ्याशी उभी राहून घड्याळात बघून कागदावर काहीतरी लिहितेय. हाका मला मारत होते ताई, तुला नाही. तू तर समोरच होतीस.

कापरं कशाने भरलंय ते मला विचार. आबांचा हात मी रोज सकाळी बघितला आहे, तू होस्टेलात होतीस. सकाळी उठले की हातात कप धरता यायचा नाही. चहा बशीत, बशीतून धोतरावर. मग एक छोटा ग्लास पोटात गेला की दहा मिनिटांत हात असा थांबायचा की दुकानाची पाटी रंगवताना सूत न मारता रेघ सरळ. अख्ख्या बाजारात त्यांच्यासारखं अक्षर कोणाचं नव्हतं. एवढंच औषध आहे त्यांचं. ते द्यायचं सोडून तुम्ही शिकलेली माणसं बांधताय काय, लिहिताय काय.

इथे बोगद्याच्या कामावर फोन लागत नाही, आणि ऑफिसातला फोन साहेबाच्या टेबलावर आहे. त्याच्यासमोर उभं राहून मी बापाच्या ग्लासाबद्दल बोलणार नाही. म्हणून पत्र. ड्रायव्हर एक दिवसाआड येतो-जातो. उत्तर त्याच्याकडे दे. आबांचे हात सोड आधी, मग उत्तर लिही.

आईला नमस्कार. तुझ्यावर लोभ किती ठेवायचा ते उत्तर बघून ठरवतो.

भिंगरी

—

ता. ९

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. मोठी आहे म्हणून द्यावे लागतात.

हात सोडले नाहीत. का सोडले नाहीत ते सांगते, आणि तुला जमलं तर एका जागी बसून वाच. गॅरेज सोडलंस, बेकरी सोडलीस, बोटीवर गेलास तिथूनही पळालास, निदान हे पत्र अर्धवट सोडू नकोस.

आबांना आणलं तेव्हा मी ड्यूटीवर होते. हाच माझा वॉर्ड, पुरुषांचा, हाडांचा. प्रत्येक पेशंटला आम्ही पहिल्यांदा विचारतो की दारू घेता का, किती घेता, शेवटची कधी घेतली. हे चहाटळपणा म्हणून विचारत नाही. रोज पिणाऱ्याची एकदम बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शरीर उलटतं. डॉक्टरांनी विचारलं आणि उत्तर कोणी दिलं? मी. छाती पुढे काढून सांगितलं की दोन वर्षांपूर्वीच सोडली आहे. कारण आईने मला तसंच सांगितलं होतं. दोन वर्षं मी दर रविवारी घरी येते ती त्याच शब्दावर. आई शेजारीच उभी होती, पदराशी चाळा करत. एक अक्षर बोलली नाही.

त्यामुळे पहिल्या दिवशी जे औषध सुरू व्हायला हवं होतं ते झालं नाही. दुसऱ्या दिवशी आबांना फिट आली. मोडलेल्या पायासकट अख्खं शरीर पलंगावर आपटत होतं. माझ्या डोळ्यांदेखत. तेव्हा कुठे आईच्या तोंडून निघालं की सुटली नव्हती, लपवली होती, म्हणजे मुलगी परत यायला लागेल. आणि तुला माहीत होतं, असंही तिनेच सांगितलं. दिवाणखान्यात मी चहा प्यायचे तेव्हा मागच्या दाराने तू बाटल्या बाहेर टाकायचास म्हणे. घर छान चालवलंत तिघांनी मिळून.

आता घड्याळाचं. कागदावर मी कविता करत नव्हते. दर तासाला गुण देतो आम्ही. हात किती कापतो, घाम किती, मळमळ, घाबरेपणा, नसलेलं दिसतं का, आज वार कोणता ते कळतं का. शाळेच्या उलट आहे, जितके गुण जास्त तितका माणूस नापास. त्या गुणांवर शांत करणारं इंजेक्शन किती द्यायचं ते ठरतं. सोबत नाडी, श्वास, ताप. तुझा ड्रायव्हर आला तेव्हा आबा भरपूर गुणांनी नापास होते. भिंतीवर ओल्या रंगाला मुंग्या चिकटल्यात, पुसा, गिऱ्हाईक येईल, असं ओरडत होते. मुंग्या पुसायला त्यांनी सलाइन उपटलं, मोडका पाय खाली टाकला आणि धरायला आलेल्या वॉर्डबॉयच्या कानाखाली दिली. म्हणून पट्टे. मऊ आहेत, आत दोन बोटं जातात, पंधरा-पंधरा मिनिटांनी मी बोटांचा रंग बघते. बांधलेल्या हातानेही ते चादरीवर अक्षरं काढतात.

सारखं शेजारी बसणारं, हात धरून बोलत राहणारं एक शहाणं माणूस असतं, तर पट्टे लागले नसते. माझ्याकडे बावीस पेशंट आहेत. आई बसते, पण तिला ते ‘सोड गं’ म्हणाले की ती सोडते.

तुझ्या ‘औषधा’बद्दल. दारूने हात थांबतो हे खरं आहे. पुढच्या सकाळी जास्त कापण्यासाठी थांबतो. ह्याच्यापुढे मला ज्ञान शिकवू नकोस. एकच सांग, सरळ आकड्यात. दिवसाला किती? आणि पडले त्या दिवशी घेतली होती का? डॉक्टरांना हवं आहे. आईला विचारलं की ती बोटांच्या चिमटीएवढं दाखवते.

जपून राहा. डोक्यावर टोपी घालतोस ना त्या बोगद्यात? लोभ नाही तर नाही, आकडा पाठव.

ताई

—

ता. ११

ती. ताईस,
नमस्कार. एवढ्यावर भागव.

तुझं पत्र वाचलं, उभ्याने वाचलं, पण पूर्ण वाचलं. मुकादम विचारत होता कोणाचं, म्हटलं सरकारी नोटीस आहे.

मागच्या दाराने बाटल्या मीच टाकायचो. मग? तू यायचीस त्या दिवशी आई सकाळपासून गाणं गुणगुणायची. आबा दाढी करायचे. तुला चहा देताना कप हलू नये म्हणून आधीच आत जाऊन एक ग्लास मारून यायचे, आणि तू म्हणायचीस की बघा, सुटली तर हात किती स्थिर झाला. आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचो नाही. तुझ्या एका तासाच्या खुशीसाठी तीन माणसं आठवडाभर नाटकाची तालीम करायची. ते तू आता गुण देऊन मोजतेस.

आणि शहाणं माणूस म्हणजे कोण ते मला समजतं. पण मी नाही येऊ शकत. इथे रजा मागितली की माणूस बदलतात. तुला वाटतं मी सगळीकडून पळालो. ह्यावेळी नाही पळालो, पाच महिने झाले, आणि नेमकं तेव्हाच तुझं बोलावणं.

आकडा लिही. सकाळी उठल्याबरोबर अर्धी क्वार्टर. पाटीचं काम असलं तर दुपारपर्यंत ती संपते. संध्याकाळी दोन क्वार्टर, पैसे असले तर तिसरी. शिडीवर चढायच्या आधी घेतलीच असणार. न घेता चढले असते तर पहिल्याच पायरीवरून पडले असते. लिहिलंस? आता सांग डॉक्टरला की एवढी पिणाऱ्याची एका दिवसात बंद करणारे तुम्ही कोण. माणूस आहे की नळ?

तुम्हाला जमत नाही म्हणून मी माझ्यापुरती व्यवस्था केली आहे. ह्याच गाडीबरोबर आईला एक थर्मास पाठवला आहे. आत काय आहे ते तिला चिठ्ठीत कळवलं आहे, ड्रायव्हरला चहा म्हणून सांगितलं आहे. सकाळ-दुपार-संध्याकाळ झाकणाने दोन-दोन झाकणं, बास. हात थांबले की तुझे पट्टे आपोआप सुटतील. तू तुझं सिस्टरपण घेऊन मध्ये पडू नकोस. बहीण म्हणून एकदा दुसरीकडे बघ, एवढंच मागतो.

टोपी घालतो. कृपा कमी असली तरी चालेल.

भिंगरी

—

ता. १४

भिंगरी,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही.

तुझा ड्रायव्हर अकराव्या तारखेला दुपारी आला. थर्मास त्याने आईच्या हातात दिला. पत्र मात्र, मी ड्रेसिंगला गेले होते म्हणून, गेटवरच्या वॉचमनकडे ठेवलं. वॉचमनने ते मला संध्याकाळी दिलं, सगळं होऊन गेल्यावर. दुसरीकडे बघायला तू मला वेळच ठेवला नाहीस.

झालं ते सांगते, कारण तू पाठवलेलं तुला ठाऊक असायला हवं. आईने तुझ्या चिठ्ठीप्रमाणे झाकणं दिली. कोणाकडून तरी तिने ती चिठ्ठी वाचून घेतली असणार, कोणाकडून ते ती सांगत नाही. मी फेरीला आले तेव्हा आबांचे हात थांबले होते. कपाळ कोरडं. मला बघून म्हणाले, काय मास्तरीणबाई, आज किती मार्क? पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मला ओळखलं. मला वाटलं औषध लागू पडलं. मी आईकडे बघून हसले भिंगरी. आणि मी पट्टे सोडले. तुला हवं होतं ना? माझ्या हाताने सोडले. ठरलेल्या वेळेचं इंजेक्शन दिलं आणि दहा नंबरच्या पेशंटकडे गेले.

आईला वाटलं की तिच्या झाकणांनी एवढं झालं, तर जास्त दिलं म्हणजे पूर्ण बरं होईल. मोकळ्या झालेल्या हातात तिने थर्मासच दिला. आबांनी तो तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला.

शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याने हाक मारली की सिस्टर, तुमचे वडील विचित्र घोरतायत. ते घोरणं नव्हतं. मिनिटाला सहा श्वास मोजले मी. ओठ जांभळे. उलटी आतच अडकली होती. ती खेचायला नळी घातली आणि नळीतून तो वास आला. आपल्या मोरीचा, आपल्या पडद्यांचा, लहानपणापासूनचा. त्या एका क्षणात मला सगळं कळलं, आणि मी दिलेलं इंजेक्शन परत काढून घेता येत नव्हतं. इंजेक्शन एकटं माणसाला झोपवतं. वर दारू गेली की दोघं मिळून श्वास झोपवतात. फुगा लावून मी त्यांना श्वास देत राहिले. डॉक्टर धावत येईपर्यंत तोंडाने मोजत होते, आणि मला सारखं वाटत होतं की मी एका प्रेताला हवा भरतेय.

दोन दिवस मशीनवर होते. काल सकाळी नळी काढली. जिवंत आहेत. छातीत कफ धरला आहे, पायाचं ऑपरेशन लांबलं, आणि डोकं परत पहिल्यासारखं. मुंग्या परत आल्या आहेत.

माझं म्हणशील तर चौकशी बसली आहे. थर्मास कोणी आणला, कोणाकडून आला, मी सगळं लिहून दिलं. तुझंही लिहिलं. मला आबांच्या वॉर्डातून काढून बायकांच्या वॉर्डात टाकलं. आईला आत यायला बंदी आहे. ती गेटबाहेरच्या बाकावर बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला विचारते की जेवले का. मी तिच्याशी बोलत नाही. बोलले तर काय बोलेन ह्याची मला भीती वाटते. काल तिच्याजवळून गेले तेव्हा एवढंच म्हणाली की ते चहाच समजून पीत होते गं, किती समाधानाने पीत होते.

आता पट्टे परत आहेत. माझी ड्यूटी संपली की मी जाऊन बसते, तेवढा वेळ सोडते. हात धरते. माझा हात त्यांना ब्रश वाटतो, पंजा असा चिमटीत धरतात. मी उठले की परत बांधतात. नातेवाइकांपैकी एकाच माणसाला बसायची परवानगी आहे, आधी सही देऊन. आई सोडून, मी सोडून, तूच राहतोस.

ये. भांडायला ये, मला मारायला ये, पण ये. पट्ट्याखाली कातडी सोलली आहे.

ताई

—

ता. १६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. ह्यावेळी मनापासून आहे, पण त्याने काही फरक पडत नाही हे मला समजतं.

ड्रायव्हर माझ्याशी बोलत नाही. हॉस्पिटलच्या आवारात त्याची गाडी घ्यायला बंदी झाली, आणि त्याने म्हाताऱ्याला चहा दिला असं समजून बायकोला फुशारकीने सांगितलं होतं. काल त्याने मला सगळ्यांसमोर गचांडी धरून भिंतीला लावलं. मी काही केलं नाही. हे पत्र ऑफिसातल्या कारकुनाने पोस्टात टाकतो म्हटलं आहे.

मी माफी मागणार नाही. मी माफी मागितली की तू गप्प बसशील, आणि तू गप्प बसलीस की मला आईसारखं वाटेल. तू शिव्या देत राहा. चौकशीत माझं लिहिलंस ते बरोबर केलंस. त्यांना अजून हवं असेल तर हे पत्र दाखव. थर्मास मी पाठवला, चिठ्ठी मी लिहिली, आईने फक्त लेकाचं ऐकलं. तू काही केलं नाहीस. हे मी माझ्या हाताने लिहितो, वाईट अक्षरात का होईना. आईशी बोल. बाकावर बसायची शिक्षा तिची नाही, माझी आहे.

पण मी येणार नाही. पळालो असं म्हण, चालेल. रजेचं कारण मागच्या वेळी दिलं ते खोटं नव्हतं, पण खरं कारणही नव्हतं. मी आलो तर काय होईल ते मला दिसतं. मी दारात उभा राहीन, आणि आबा माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या खिशाकडे बघतील. मी लहानपणापासून त्यांच्यासाठी तेवढाच आहे. भिंगरी आला म्हणजे बाटली आली. ड्रायव्हर म्हणाला होता ना की ते मला हाका मारत होते. मी फार फुगलो होतो त्या गोष्टीवर, तुला टोमणाही मारला. आता विचार करतो तेव्हा कळतं की हाक मला नव्हतीच. तुला बघून त्यांनी मार्क विचारले, मला बघून ते ग्लास मागतील. मी शेजारी बसून हात धरीन आणि ते ‘दे ना रे’ म्हणतील, आणि ताई, मी देईन. आईपेक्षा लवकर देईन. मला माझा भरवसा नाही. तुला वाटतं मी कठोर आहे म्हणून येत नाही. मी उलटा आहे.

म्हणून बसायला दुसरं माणूस घे. तुमच्याकडे अशी माणसं मिळतात, बाजूला बसायलाच, दिवसाची पाळी वेगळी, रात्रीची वेगळी, असं तूच मागे सांगितलं होतंस. एक नको, दोन घे. सहीला अडचण असेल तर माझ्या जागी म्हणून लिहून दे, मी इथून कागद करून पाठवतो. बाई नको, कोणीतरी थोराड बाप्या बघ, नाहीतर आबा त्याच्यावर रुबाब करतील. त्याला सांगून ठेव की अक्षरं काढायला लागले की मनगट धरायचं नाही. हातात बोथट काहीतरी द्यायचं आणि खाली पुठ्ठा धरायचा. पाटी पूर्ण होईपर्यंत ते कुठे उठून जात नाहीत, मोडका पाय असो नसो. दर दोन अक्षरांनी मागे सरून बघायची सवय आहे, तेव्हा मान धरायची. आणि तो पिणारा नसावा. तोंडाचा वास घेऊन बघ, लाजू नकोस.

ज्या सकाळी ते विचारतील की भिंगरी कसा आहे, आणि नंतर काही मागणार नाहीत, त्या दिवशी मला कळव. रात्री कळव, पहाटे कळव. साहेबाच्या टेबलावरच्या फोनवर कळव, मी सगळ्यांसमोर बोलेन. मी मिळेल त्या गाडीने निघेन. तोपर्यंत माझं तोंड त्यांना दाखवू नकोस, फोटोतही नाही.

आकड्याचं राहिलं. तू पहिल्यांदा विचारलंस तेव्हाच सरळ सांगायला हवं होतं. दोन नाही, तीन क्वार्टर संध्याकाळच्या, रोज. डॉक्टरांना सांग.

आईला नमस्कार, आणि तिला सांग की मी रागावलेलो नाही. तुझा राग असू दे, मला तो लागतो.

भिंगरी

ता. क. मुकादमाकडून उचल घेतली आहे आणि थोडे माझ्याकडचे. पट्टे सोडवण्यासाठीच आहेत, दुसऱ्या कशात घालू नकोस. पुढच्या पगाराला आणखी पाठवतो. सोबत अकरा हजार चारशे.